तळवडेकर सरांची करंगळी

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक तरी शिक्षक येऊन जातो, जो त्याला विचार कसा करावा हे शिकवतो आणि ज्याच्या ऋणातून तो जन्मभर मुक्त होऊ शकत नाही. हे वाक्य मी पुष्कळ निरोप समारंभांत ऐकलं आहे. एकदा तर माझ्याच निरोप समारंभात ऐकलं, आणि म्हणणाऱ्या मुलाने ते आदल्या वर्षीच्या भाषणातून उचललं होतं हेही मला माहीत होतं. तळवडेकर सरांबद्दल मात्र ते एवढ्या सहजपणे म्हणता येणार नाही. सरांनी मुलुंडमधल्या कितीतरी मुलामुलींना विचार न करता निबंध कसा लिहावा हे शिकवलं, आणि त्यांच्या ऋणात कोणी राहू नये म्हणून फी आगाऊ घेतली.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तिच्यात एक निबंध असतो. कुठल्या तरी वादाच्या विषयावर आपलं मत मांडायचं आणि ते समोरच्याला पटवायचं. प्राणिसंग्रहालयं बंद करावीत का, मुलांना मोबाइल द्यावा का, असले विषय. सरांचा क्लास या निबंधासाठी प्रसिद्ध होता. मुलुंड पूर्वेला असताना त्याचं नाव तळवडेकर क्लासेस होतं. पूल ओलांडून पश्चिमेला, एका चष्म्याच्या दुकानावर जागा घेतल्यावर ती तळवडेकर्स अकॅडमी झाली. राहायला मात्र सर पूर्वेलाच, आमच्या सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर होते. मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठून निबंध तपासायचं काम दिलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही फक्त स्पेलिंग बघायचं. विचारांचं मी बघतो."

मला 'मास्तर' म्हणणारे ते पहिलेच सहकारी. त्यात आदर नव्हता. हुद्दा ठरवून टाकण्याची ती त्यांची पद्धत होती.

सर दिसायला भारदस्त होते हे कबूल केलं पाहिजे. उंच, ताठ, पांढरे केस मागे वळवलेले, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. नव्या बॅचसमोर ते काही न बोलता उभे राहायचे आणि उजव्या हाताचा पंजा उगारायचे. मुलं गप्प होईपर्यंत तो हात तसाच वर. मग म्हणायचे, "दिस इज युवर एसे." अंगठा म्हणजे तुमचं मत, ते पहिल्याच वाक्यात आलं पाहिजे. पुढची तीन बोटं म्हणजे तीन कारणं, प्रत्येकाचा एक परिच्छेद. करंगळी म्हणजे विरोधक. "आणि विरोधकाचं आपण काय करतो?" असं विचारून ते करंगळी आत मुडपायचे. शेवटी सगळी मूठ आवळायचे, तो समारोप. मूठ आवळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते मी लग्नात मुलीच्या बापांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

विरोधकाला दोन वाक्यं द्यायची. पहिल्यात तो काहीतरी मूर्खपणाचं बोलणार, दुसऱ्यात आपण ते खोडणार. "तो शहाणा निघता कामा नये," सर बजावायचे. "तो शहाणा निघाला की तुमचा निबंध त्याचा होतो."

यात तथ्य होतं, आणि सरांची खरी चीड येते ती त्यामुळेच. आमची मुलं निबंध कसा लिहितात हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. मराठी शाळेतून आलेला मुलगा मोबाइलवर लिहायला बसला तरी सुरुवात आदिमानवापासून करतो. मग अग्नीचा शोध, मग चाक, मग विज्ञानाची घोडदौड, मग शाप की वरदान. त्याचं स्वतःचं मत शेवटच्या ओळीत येतं, तेही उंबऱ्यात चपला काढून, आत येऊ का असं विचारत. याच्यामागे वाईट काही नाही. आपल्याकडे कोणाच्या घरी काम घेऊन गेलं तर आधी तब्येत विचारतात, चहा होतो, आणि निघताना दाराशी कामाचं बोलतात. पवईच्या इंजिनिअरांची तऱ्हा वेगळी. ते आधी व्याख्या देतात. घाटकोपरचा जिग्नेश नावाचा फार्मासिस्ट आमच्याकडे यायचा, तो फायदे आणि तोटे समोरासमोर मांडायचा आणि मत देण्याचं काम वाचणाऱ्यावर सोडून द्यायचा. इंग्रजी वाचणाऱ्याला हे सगळं गोल गोल वाटतं. सर म्हणत की मत आधी सांगा, आणि ते बरोबरच होतं. फक्त त्या एका बरोबर गोष्टीवर त्यांनी इमारत उभी केली आणि तिच्यात खिडकी ठेवली नाही.

स्वतः सर अंगठ्यापासून सुरुवात करत असतील असा समज करून घेऊ नये. गावी त्यांच्या धाकट्या भावाबरोबर घराच्या पडवीवरून वाद होता. त्याचा फोन आला की ते क्लासच्या गॅलरीत जायचे आणि पुलावर टाकून आलेली भाषा परत उचलायचे. "मगे, काय म्हणतंस? खोकलो कमी झालो?" इथून प्रारंभ. मग गाय, मग शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न, मग कलमांना मोहोर किती, मग गणपतीला कोण कोण येणार. आत मुलं पंजा समोर ठेवून बसलेली. अगदी फोन ठेवता ठेवता सर म्हणायचे, "आणि तां पडवीचा मी काय ऐकूचंय नाय." मग आत येऊन विचारायचे, "येस, व्हेअर वॉज आय? थीसिस फर्स्ट."

त्यांची पद्धत निबंधापुरती राहिली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण हाताचा पंजा माणूस बरोबरच घेऊन हिंडतो.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाडकर्णी वारले तेव्हा खाली मोकळ्या जागेत शोकसभा झाली. सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "नाडकर्णी हे एक आदर्श सेक्रेटरी होते, असं माझं ठाम मत आहे. याला तीन कारणं आहेत." पहिलं पाण्याचं वेळापत्रक, दुसरं पार्किंग, तिसरं वेळेवर होणारी वार्षिक सभा. एवढं झाल्यावर मला धडकी भरली, कारण पुढचं बोट मला माहीत होतं. "आता काही लोक म्हणतील, नाडकर्णी तापट होते." तसं कोणी म्हटलं नव्हतं. निदान त्या दिवशी तरी. नाडकर्णीवहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. "परंतु हा आक्षेप टिकत नाही," असं म्हणून सरांनी करंगळी मुडपली, मूठ आवळली आणि नाडकर्णी आदर्श सेक्रेटरी होते हे पुन्हा एकदा सांगून ते खाली बसले.

वहिनींनी पुढे कितीतरी दिवस ते 'काही लोक' शोधले. माझ्या बायकोला जिन्यात थांबवून विचारायच्या, "हे तापट होते असं कोण म्हणालं हो?" शेवटी त्यांचा संशय सुनेवर गेला आणि तिथेच राहिला. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, विरोधक आपणच उभा करायचा असतो. खरा असण्याची गरज नसते." घरोघर या तत्त्वावर चाललेले संसार मी पाहिले आहेत, पण त्याची शिकवणी घेणारे सर एकटेच.

विरोधक जसा खोटा, तसं उदाहरणही खोटं चालायचं. प्रत्येक कारणाला उदाहरण हवं, आणि मुलांना ऐनवेळी उदाहरणं सुचत नाहीत, म्हणून सरांनी सगळ्यांना मिळून एक शेजारी दिला होता. मिस्टर पेरेरा. पोस्टातून निवृत्त. हा पेरेरा कुठल्याही विषयाला चालायचा. धूम्रपानावर बंदी हवी असेल तर तो खोकायचा. पर्यटन चांगलं असेल तर तो गोव्यातलं घर भाड्याने द्यायचा. झाडं तोडू नयेत म्हणून त्याने आमच्या एका विद्यार्थ्याच्या निबंधात झाडाला मिठी मारली होती. मी स्पेलिंग तपासता तपासता या माणसाच्या इतका जवळ गेलो होतो की मुलुंडच्या बाजारात कधीतरी तो भेटेल असं वाटायचं. जिग्नेश एकदा म्हणाला, "सर, पेरेराला किती राबवता. म्हातारा माणूस आहे, थकला असेल ना." वर्ग हसला. सरांनी जिग्नेशला उभं करून पेरेराचं स्पेलिंग विचारलं.

या वर्गात सुजाता साळवे यायची. मानखुर्दला राहायची, घाटकोपरच्या एका इस्पितळात परिचारिका होती. ड्यूटी संपली की बसने मुलुंडला, तिथून घरी. आयर्लंडमधल्या एका इस्पितळाने तिची मुलाखत घेऊन तिला निवडलं होतं. ऐकणं, बोलणं, वाचणं यांत तिला हवे तेवढे गुण मिळाले होते. लेखनात अर्धा गुण कमी पडला होता. पाठवणाऱ्या एजन्सीने तिची जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. तोवर तो अर्धा गुण मिळाला तर आयर्लंड, नाही तर आहे तिथेच, आहे त्या पगारावर. ती हे कोणाला रडून सांगत नव्हती. मला कळलं ते सरांनी भर वर्गात विचारलं म्हणून.

तिचे निबंध मला ओळखू यायला नाव वाचावं लागत नसे. तिचा विरोधक करंगळीएवढा नसायचाच. तो पहिल्या परिच्छेदात यायचा, ऐसपैस बसायचा आणि इतकं मुद्द्याचं बोलायचा की अर्धं पान संपेपर्यंत मला त्याचं पटायला लागायचं. कधी कधी तिलाही पटायचं. मग वेळ संपायची आणि निबंध तिथेच राहायचा. सर त्यावर लाल पेनने मोठी करंगळी काढायचे.

मी एकदा तिला विचारलं की हे कुठून आलं. ती म्हणाली, विहारातून. त्यांच्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना झाली की चर्चा असायची. पगारे आजोबा नावाचे गृहस्थ ती चालवायचे आणि त्यांचा एकच नियम होता. ज्याच्याशी वाद घालायचा, त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. त्याने 'हो, हेच म्हणायचंय मला' असं म्हटलं की मगच आपल्याला बोलायची मुभा. तो नाही म्हणाला तर पुन्हा मांडा. सुजाता शाळेत असताना जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावावा की नाही यावर चर्चा झाली. ही डीजेच्या विरोधात. आजोबांनी तिला आधी डीजेवाल्या पोरांची बाजू मांडायला लावली. पोरं काही केल्या हो म्हणेनात. वर्षभर आम्हाला कोण विचारतं, एक दिवस तरी आमचा आवाज रस्त्यावर येऊ दे, असं तिने म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी माना डोलावल्या.

"आणि मग?" मी म्हटलं.

"मग माझी बारी आली, तर माझंच मन होईना, मास्तर. आवाज कमी ठेवा म्हटलं आणि बसले."

'मास्तर' तीही म्हणायची, सरांचं ऐकून. पण तिच्या तोंडी तो शब्द जुना आणि चांगला वाटायचा.

सरांनी महिनाभर तिच्यावर पंजा चालवला. तिने शेवटी मान तुकवली, आणि दुसऱ्या वेळी परीक्षेला बसली ती अख्ख्या बॅचबरोबर. एकच दिवस, एकच केंद्र. विषय आला घरून काम करण्याचा. आमच्या सगळ्या मुलांनी पहिल्या वाक्यात मत दिलं, तीन कारणं दिली, विरोधकाला मूर्ख ठरवलं आणि उदाहरण म्हणून आपल्या शेजारच्या मिस्टर पेरेरांना बोलावलं. पोस्टातून निवृत्त झालेला तो माणूस त्या एका दिवशी कित्येक घरांतून काम करत होता. काही उत्तरपत्रिकांत त्याची प्रकृती सुधारली, काहींत त्याचा संसार मोडला. पाठ केलेलं उत्तर दिसलं की गुण कापतात, हे त्या परीक्षेच्या माहितीपत्रातच लिहिलेलं असतं. सर ते माहितीपत्र फळा पुसायला ठेवत.

निकाल आला. सगळ्यांचे लेखनाचे गुण घसरले होते. सुजाताला कमी पडणाऱ्या अर्ध्या गुणाचा तर एक झाला.

सरांनी वर्ग घेतला. मला वाटलं होतं, आज पंजा खाली राहील. त्यांनी तो उगारला आणि म्हणाले की परीक्षक नवखा होता, हे त्यांचं ठाम मत आहे. तीन कारणंही दिली. मग म्हणाले, "काही लोक म्हणतील, पद्धत चुकली. पेरेरा मी उदाहरणादाखल दिला होता. नावासकट लिहायला कोणी सांगितलं?" नाव त्यांनीच स्पेलिंगसकट लिहून दिलं होतं. जिग्नेशने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

सुजाता उभी राहिली. म्हणाली, पेरेरा तिने लिहिला हे खरं, पण लिहिताना तिला एकही खरी गोष्ट सांगता आली नाही, कारण जागाच उरली नव्हती. पुढच्या वेळी तिला विरोधकाची बाजू आधी आणि पूर्ण लिहायची आहे. विहारातली पद्धत तिने थोडक्यात सांगितली.

सर हसले. ते हसू मला चांगलं आठवतं, कारण त्यात करंगळी होती.

"हे बघ, तुझ्या वस्तीत चालत असेल हे. तिथे सगळे रिकामे बसलेले असतात. इथे परीक्षक आहे. तो काय तुझा काका लागतो?"

सर विरोधकाला मूर्ख ठरवतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं. विरोधक वर्गातच बसलेला असताना, त्याच्या पत्त्यासकट, पहिल्यांदाच पाहिलं.

ती चिडली नाही. निदान आवाजात काही कळलं नाही.

"सर, आधी तुमचं म्हणणं मी सांगते. बरोबर आहे का बघा. मग माझं."

"बोल," सर घड्याळ बघत म्हणाले.

"परीक्षक दिवसभर पेपर बघून दमलेला असतो. त्यात आपलं इंग्रजी अडखळतं. वाक्य कुठे तुटतं, शब्द चुकतो. पण पुढे काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर तो चुकांशी थांबत नाही, ओलांडून जातो. ओळखीच्या रस्त्यावर खड्डे चुकवता येतात. ज्यांच्या घरात इंग्रजी नव्हतं त्यांना या साच्याचा आधार आहे. तो नसता तर आम्ही पहिल्याच पानात हरवलो असतो. हेच म्हणायचंय ना सर?"

सर एवढ्या वर्षांत पंजाच्या बाजूने इतकं चांगलं काही बोलले नव्हते. त्यांना स्वतःला ते सुचलेलंच नव्हतं. त्यांनी मान डोलावली. "एक्झॅक्टली," ते म्हणाले. "हेच म्हणायचंय मला." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, हे जरा लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

"आता माझं," सुजाता म्हणाली.

"वेळ संपली," सर म्हणाले, आणि खडू खाली ठेवून गॅलरीत गेले. भावाचा फोन आला होता.

त्या बोलण्याचा दुसरा भाग मी ऐकला तो खाली, चष्म्याच्या दुकानासमोर. बसला वेळ होता. ती म्हणाली, "मला पटवायचंय ते परीक्षकाला नाहीच ना, मास्तर. ज्याचं मत उलटं आहे त्याला. तो माझा निबंध हातात घेईल तेव्हा पहिल्यांदा स्वतःलाच शोधेल. मी कुठे आहे यात? नाही सापडला तर तो पुढचं कशाला वाचेल? वॉर्डात मी रोज बघते. आजीला ऑपरेशनला न्यायचं नाही म्हणून नातेवाईक अडून बसतात. डॉक्टर तीन कारणं देतात आणि निघून जातात. नातेवाईक आजीला घेऊन घरी जातात. मी आधी त्यांची भीती त्यांना सांगते. हो म्हणाले की मग बसतात ते ऐकायला."

"मग तसंच लिही," मी म्हटलं.

"अंगठा ठेवते मात्र. ते सरांचं बरोबर आहे. माझं मत कुठलं हे आधीच सांगितलं, की मग विरोधकाचं कितीही चांगलं लिहिलं तरी मी हरवणार नाही."

बस आली आणि ती गेली. मला तेव्हा जाणवलं की आधी समोरच्याची विचारपूस आणि आधी आपलं मत, या ज्या दोन गोष्टी मी शाळेच्या सगळ्या वर्षांत सुट्या सुट्या पाहिल्या होत्या, त्या तिने आत्ता बसच्या रांगेत जोडून दाखवली होती. सरांना सांगावं असं वाटलं नाही.

दिवाळीआधीच्या शेवटच्या परीक्षेला ती एकटी गेली. विषय वृद्धांचा होता: त्यांना घरी सांभाळावं की वृद्धाश्रमात. तिने पहिल्या वाक्यात सांगितलं की घरी. मग वृद्धाश्रमाची बाजू लिहिली, दोन्ही मुलं नोकरीला जाणाऱ्या घराची बाजू, दिवसभर कुलपात राहणाऱ्या आजोबांची बाजू. आणि मग आपली. पेरेरा त्यात नव्हता. निकाल लागला त्या दिवशी तिने मला फोन केला तेव्हा आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, बायकोची केली, आणि मग म्हणाली की मिळाला. हवा होता त्याहून अर्धा गुण जास्तच मिळाला.

पेढे द्यायला ती क्लासवर आली. सरांनी पेढा घेतला, तिच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि मुलांना म्हणाले, "बघा. पद्धत पाळली की काय होतं." तिने सांगितलं की तिने अंगठा ठेवला पण करंगळी आधी आणली, आणि सरळ केली. सर पेढ्याचा कागद चुरगळत होते. त्यांनी तो मुठीत घट्ट आवळला. समारोप झाला होता.

ती आयर्लंडला गेल्यावर पंधरवड्याने स्टेशनच्या रस्त्यावर फ्लेक्स लागला. त्यावर सुजाताचा फोटो, बाजूला सरांचा तिच्यापेक्षा मोठा फोटो, पंजासकट. खाली अवतरणचिन्हांत तिचं बोलणं: 'ओळखीच्या रस्त्यावर खड्डे चुकवता येतात. ज्यांच्या घरात इंग्रजी नव्हतं त्यांना या साच्याचा आधार आहे. तो नसता तर आम्ही पहिल्याच पानात हरवलो असतो.' मी लिहून घेतलं होतं तसंच, शब्दाचाही फरक नाही. अवतरण जिथे संपतं तिथे ती 'आता माझं' म्हणाली होती.

त्याच आठवड्यात मी काम सोडलं. कारण डोळ्यांचं सांगितलं. तेही खरं होतं. सर जिन्यात भेटायचे तेव्हा मान हलवायचे. शेवटचं नीट बोलणं झालं ते त्या फ्लेक्सखाली. एका मुलीच्या आईला ते पंजा दाखवत होते. करंगळी मुडपून झाल्यावर ती बाई फीचं घरी विचारायला फोन घेऊन बाजूला गेली, तेव्हा सर माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, ती साळवे त्या दिवशी पुढे काय म्हणणार होती हो?"

वर्ष उलटलं होतं. म्हणजे हा माणूस वर्षभर त्या वाक्यापाशी अडकून होता. क्षणभर मला त्यांची दया आली, आणि ती यावी याचा रागही आला. मी सांगायला लागलो. निबंध हातात घेणारा माणूस आधी स्वतःला शोधतो, इथपर्यंत आलो असेन.

त्यांनी हात वर केला. "एका वाक्यात सांगा."

"एका वाक्यात नाही बसत, सर."

"मग चुकलेलंच असणार," ते म्हणाले, आणि सुटका झाल्यासारखे त्या बाईकडे परत गेले.

मिळालेल्या धड्यातून सर काहीच शिकले नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरची एक मुलगी निबंध दाखवायला आली. ती सरांच्या नव्या बॅचला आहे. विषय प्लास्टिकच्या पिशव्यांचा होता. पहिल्या वाक्यात मत होतं, पुढे तीन कारणं होती, विरोधकाला दोन वाक्यं होती. मिस्टर पेरेरा कुठेही नव्हते. भाजी आणायला कापडी पिशवी घेऊन मिसेस पेरेरा गेल्या होत्या.